छोटी बोट विकून मोठी घेताना

वाचक विचारतात

मोसम संपत आला की जुन्या, मोठ्या शिडाच्या बोटींबद्दलची पत्रं वाढतात. यंदाही तसंच झालं. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न: कुलाब्याला आमची २६ फुटी शिडाची बोट आहे. मुलं ९ आणि १३ वर्षांची, सोबत ७१ वर्षांच्या सासूबाईही हौसेने येतात. आता १४ वर्षं जुनी, तीन केबिनची ४२ फुटी बोट पाहिली आहे. कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, पाण्यात २.१ मीटर खोल. मुरूड, जयगड आणि एखाद्या नाताळात गोवा, एवढी आमची धाव. एवढी मोठी घ्यावी का?
– एक वाचक, दादर

उत्तर: तीन केबिन बघून मन भुलतंच. पण त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: बोट कुठे उभी राहणार आणि तिच्यावर सासूबाई कशा चढणार. इथे बोट मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली असते, त्यामुळे प्रत्येक खेपेला डिंगीतून (छोट्या होडीतून) किंवा क्लबच्या लाँचमधून चढणं आलं. दुपारच्या वाऱ्यात डिंगी दोन फूट वर-खाली होत असते. बोटीची मागची बाजू उघडी असेल, पाण्यापासून फूटभर उंचीवर रुंद पायरी असेल आणि दोन्ही बाजूंना धरायला नळ्या असतील, तर सत्तरीचा माणूस सहज वर येतो. पाठ उंच आणि बंद असेल तर कडेला शिडी लटकवावी लागते, आणि सासूबाई दुसऱ्या खेपेपासून घरीच थांबतात. सौदा करण्याआधी त्यांना एकदा दुपारी चारच्या सुमारास, वारा असताना, चढवून-उतरवून बघा. दुसऱ्या कुठल्याही तपासणीला एवढा कमी खर्च येत नाही.

आता लांबीचं. कुटुंबासाठी बांधलेल्या ३४ फुटी बोटीचं वजन साधारण साडेपाच टन असतं, ३८ फुटीचं साडेसात आणि ४२ फुटीचं साडेनऊ ते दहा. म्हणजे लांबी जेमतेम पाव पटीने वाढते, वजन मात्र पावणेदोन पट होतं. शिडांची ओढ, नांगर, विंच (दोर ओढायची चरखी), तळाचा रंग, क्रेनचं भाडं हे सगळं वजनाच्या मागे जातं. त्या मानाने वेग फारसा वाढत नाही. पाण्यालगतच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की बोटीचा कमाल वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) मिळतो: ३० फुटांना ७.३, ३८ फुटांना ८.३. एका नॉटचा फरक, तोही कागदावर. घरची माणसं घेऊन जाताना आखणी ५ नॉटचीच करायची असते. गेटवे ते मुरूड सुमारे ४० सागरी मैल आहे, म्हणजे दोन्ही बोटींना आठ तास.

आणि एक हिशेब प्रामाणिकपणे करा. बोटीवर दोन मोठी माणसं असली तरी एकाला मुलाची उलटी आवरायची असते. दोर ओढायला एकच उरतो. त्या एकट्याला पंधरा-अठरा नॉट वाऱ्यात मेन शीड लहान करता आलं पाहिजे. ३८ फुटी बोटीवर ते जमतं. ४२ फुटीवर इलेक्ट्रिक विंच लागते, आणि ती बंद पडते तेव्हा नेमकी गरज असते.

आम्हाला मात्र लांबीपेक्षा तुमची २.१ मीटरची कील खटकते. मुंबईला उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) जेमतेम दीड मीटर. दक्षिणेला जावं तसा हा चढउतार कमी होतो. रत्नागिरीपलीकडे तो जवळपास निम्म्यावर येतो. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, त्यामुळे हा फरक महाग पडतो. एक उदाहरण घ्या. चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशात, अगदी उतरलेल्या पाण्याला दांड्यावर १ मीटर खोली दिली आहे. कीलखाली लाटेच्या खळग्यासाठी अर्धा मीटर आणि सुरक्षेसाठी अर्धा मीटर धरला, तर २.१ मीटरच्या बोटीला ३.१ मीटर पाणी हवं, म्हणजे भरती २.१ मीटरच्या वर असताना. भरतीचा माथा २.३ आणि ओहोटी ०.५ मीटर असेल तर ही वेळ साधारण अडीच-पावणेतीन तास मिळते. १.६ मीटरच्या बोटीला त्याच दिवशी पाच तास मिळतात. भांगाला भरती १.८ वरच थांबली, तर पहिली बोट आत जाऊच शकत नाही. रात्र बाहेर उघड्यावर काढायची. दिघी, जयगड, विजयदुर्ग इथे खोली पुरेशी आहे म्हणून मोठ्या कीलवालेही कोकण करतात. पण गेटवेहून निघालं की दिघीपर्यंत ४० मैल, तिथून जयगड आणखी ६० मैल. मध्ये वारा पडला किंवा पोरं थकली तर बाणकोट, हर्णै, दाभोळ यांतला आसरा लागतो, आणि तिथे खोल कील अडते.

मग सगळ्यात उथळ बोट घ्यावी का? तसंही नको. नाताळात गोव्याला जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीवर असतो. येताना तोच तोंडावर. तेव्हा वाऱ्याच्या रोखाने चढण्याची ताकद लागते आणि फार उथळ बोट कडेला वाहवते. कोळी लोक करतात तेच करावं: पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर किनारा धरून निघायचं आणि दुपारी समुद्रावरचा खारा वारा जोर धरण्याआधी नांगर टाकायचा. या पद्धतीला १.६ ते १.८ मीटरची, खाली जड बल्ब (फुगीर वजन) असलेली आखूड कील पुरते. खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना पंख असलेली, पंखवाली कील टाळा. साधी कील चिखलात रुतली तर बोट कलती करून सुटते. पंखवाली कलंडली की एका बाजूचा पंख आणखी खाली जातो. वर ओढता येणाऱ्या सेंटरबोर्डच्या (सरकत्या पात्याच्या) पेटीत आपल्या खाड्यांचा गाळ बसतो आणि बोर्ड अडकतो. दुहेरी कीलच्या बोटी ओहोटीला सरळ बसतात, पण गोव्याहून परतताना संयम बघतात.

थोडक्यात ३७ ते ३९ फूट, १.८ मीटरच्या आत कील, दोन किंवा तीन केबिन आणि उघडी पाठ. इंजिन टनामागे चार हॉर्सपॉवर या हिशेबाने ३० च्या आसपास. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, १००० वॉटचा विंडलास (नांगर ओढायचं यंत्र), २० किलोचा नांगर आणि १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी. ही साखळी मीटरला सव्वादोन किलो भरते, म्हणजे एकूण १३५ किलोच्या वर. हाताने ओढायचा विचारही नको. किती सोडायची? चार्टवर ४ मीटर, वर भरतीचे ४ आणि नाळेची उंची १ मीटर धरली तर ९ मीटर, आणि साखळी त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर. सहसा चूक होते ती इथेच: ओहोटीला नांगर टाकणारा ५ मीटरचा हिशेब करून २५ मीटर सोडतो आणि मध्यरात्री भरतीला बोट चालू लागते.

प्रश्न: इंजिनने पाण्यातला पंखा फिरवायला सेलड्राइव्ह (तळातून सरळ खाली उतरणारा पाय) बरा की शाफ्ट (मागे जाणारा दांडा)? विकणारे म्हणतात सेलड्राइव्हचा आवाज कमी.
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर: आवाज कमी असतो हे खरं. मागे घेतानाही बोट सरळ जाते. पण सेलड्राइव्हचा पाय अॅल्युमिनियमचा असतो आणि तो बोटीच्या तळाला पाडलेल्या भोकातून रबरी पडद्यावर बसतो. व्होल्व्हो पेंटा ही इंजिन बनवणारी कंपनी हा पडदा सात वर्षांनी बदलायला सांगते. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून इंजिन पुढे सरकवावं लागतं. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असं समजून किंमत पाडा. दुसरी खोड रंगाची. तळाला तांबेयुक्त रंग मारणारा तोच ब्रश पायावरही फिरवतो, आणि दोन मोसमांत अॅल्युमिनियमला खड्डे पडतात. पायावरचा रंग खरवडून खाली पांढरी भुकटी आहे का बघा. झिंक, म्हणजे पाय वाचवायला लावलेला जस्ताचा तुकडा, अर्ध्याहून जास्त झिजलं असेल तर त्यामागचा धातूही तपासा.

आमचा कल शाफ्टकडे आहे, आणि त्याचं कारण जाळी. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, नारळी पौर्णिमा होते, आणि तुम्ही ऑक्टोबरात पाण्यात उतरता तेव्हा किनाऱ्यालगत रात्रभर तरंगती जाळी पसरलेली असतात. खुणेला थर्माकोलचा तुकडा किंवा प्लास्टिकची बाटली. वसई-अर्नाळ्याच्या बाजूला डोलजाळ्यांचे रोवलेले खांब असतात ते वेगळेच. शाफ्टवर दोरकातर बसवता येते आणि पातळ जाळं ती कापते. जाडा दोर मात्र गुंडाळला जातो आणि इंजिन बंद पडतं. तेव्हा चावी काढून खिशात ठेवा, मगच कुणी पाण्यात उतरा. पाण्याचा चष्मा आणि दाते असलेली पावाची सुरी दोरीने बांधून कायम कॉकपिटमध्ये ठेवावी. महागड्या डायव्हिंग सुऱ्यांपेक्षा ती नायलॉन लवकर कापते.

सुकाणूबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जाळ्यांचा विषय निघालाच आहे. सुकाणूच्या पुढे आधाराची पट्टी, म्हणजे स्केग, असेल तर जाळं घसरून जातं. नुसतं लोंबतं सुकाणू हातात हलकं लागतं, पण त्याच्या वरच्या फटीत दोर अडकतो.

प्रश्न: २००६ सालची ३६ फुटी बोट ठाण्याजवळ किनाऱ्यावर आहे. सर्व्हेअर बोलावण्याआधी आम्हाला स्वतः काय पाहता येईल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बरंच काही, आणि निम्म्या बोटी तिथेच बाद होतात. लागणारं सामान: प्लास्टिकच्या डोक्याचा हातोडा, बॅटरी, आरसा, पातळ स्क्रूड्रायव्हर आणि जुने कपडे.

कीलपासून सुरुवात करा. ओतीव लोखंडाच्या कीलवर गंजाचे डाग असतातच, त्यांचं काही नाही. कील आणि बोट यांच्या सांध्यातून, बोट बाहेर काढून आठवडा झाल्यावरही तांबूस पाणी पाझरत असेल तर आतले बोल्ट भिजताहेत. मग आत शिरा आणि कीलच्या मागच्या टोकावरचा भाग शोधा. बोट खडकावर आदळते तेव्हा कीलचं खालचं टोक थांबतं आणि मागचं वरचं टोक तळाला वर ढकलतं. तळाला जोडलेल्या फायबरच्या चौकटीला तिथे केसासारख्या भेगा पडतात किंवा ती तळापासून सुटते. हातोड्याने ठोकत जा. खणखणीत आवाज मध्येच बदबद झाला तर चौकट सुटली आहे. याला किरकोळ समजू नका. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये 'चीकी रफिकी' या ४० फुटी बोटीची कील निघाली आणि चौघे गेले. तळ वारंवार लागणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी ही जोडणी कमकुवत झाली असावी, असं ब्रिटिश चौकशीत निघालं. तळ लागणं मुंबईच्या चिखलात फारसं बाधत नाही, पण बोट आधी कुठे होती हे विचारा. क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असताना दोघांनी कीलचं खालचं टोक आडवं ढकलावं. सांधा हलता कामा नये.

सुकाणूचं खालचं टोक धरून हलवा. खटखट वाजलं तर बेअरिंग गेलं. ते बदलता येतं. पातं दोन दिवस तपकिरी थेंब गाळत असेल तर आतल्या फोममध्ये पाणी आहे आणि स्टीलच्या पट्ट्या गंजताहेत. हे काम मोठं.

डेकवर अनवाणी चाला. कठड्याच्या खांबांपाशी, विंचांभोवती आणि डोलकाठीच्या बुडाशी जमीन दबते का बघा. आत बाल्सा लाकूड असेल आणि चार पावसाळे बोट ताडपत्रीशिवाय उभी असेल, तर स्क्रूच्या भोकातून पाणी जाऊन लाकडाचा लगदा होतो. हातभर तुकडा दुरुस्त करता येतो. अर्धं डेक मऊ असेल तर पुढचं काही बघू नका, घरी जा.

डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांच्या पुढे गेल्या असतील तर बदलायच्याच, दिसायला कितीही चकचकीत असोत. खालच्या टोकाला जिथे तार नळीत दाबलेली असते तिथे खारं पाणी साचतं आणि आतून चिरतं. भिंगाने उभी चीर शोधा. एक धागा जरी तुटून उभा राहिला असेल तरी सगळा जोड बदला. तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या डेकमधून खाली उतरतात. नेमक्या डेकच्या जाडीत, हवा न पोचणाऱ्या भागात त्या झिजतात आणि बाहेरून कळत नाही. आतल्या लाकडावर त्यांच्याखाली गंजाचे ओघळ असले तर पट्टी काढून बघायला लावा.

शिडांना नखाने खरवडा. शिवण सुटली तर ऊन लागलंय. गुंडाळलेल्या जेनोआच्या (पुढच्या मोठ्या शिडाच्या) कडेची निळी पट्टी आधी जाते, कारण मुंबईचं ऊन तीच झेलते. ती नवी शिवून मिळते. कापड कागदासारखं फाटत असेल तर शीडच नवं.

तळाच्या प्रत्येक भोकावरचा कॉक (झडप) उघडून-बंद करून बघा, आणि बाहेरचा धातू थोडा खरवडा. पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर पितळेतलं जस्त गेलं आहे आणि तो कॉक एक दिवस हातात येईल. युरोपात बांधलेल्या बऱ्याच बोटींवर साधे पितळी कॉक असतात. २० वर्षं जुन्या बोटीवर ते सगळे बदलायचे, असं धरूनच किंमत बोला. ब्राँझ किंवा जस्त न सोडणारं पितळ वापरा. प्रत्येकाशेजारी योग्य मापाचा लाकडी दट्ट्या दोरीने बांधलेला हवा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे ओझं जास्त, बहुधा पंख्यावरचे शिंपले. मुंबईत काही आठवड्यांत ते येतात, म्हणून चाचणीआधी तळ साफ करून घ्या, नाहीतर चांगलं इंजिनही रडतं. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर इंजिनच्या हेडकडे (वरच्या झाकणाकडे) बघा. मग वीस मिनिटं जवळपास पूर्ण वेगाने पळवा. आपलं समुद्राचं पाणी २८-३० अंश असतं. थंड देशात खपून गेलेला अर्धवट तुंबलेला कूलर इथे लगेच उघडा पडतो. धुराड्याचा वळणाचा तुकडा काढून बघायची परवानगी मागा. मूरिंगवर बॅटरी चार्ज करायला इंजिन तासन्‌तास हळू चालवतात, त्याने तो काजळीने भरतो.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यासाठी बोटी तशाही बाहेर निघतात, त्यामुळे क्रेनचा खर्च विकणाऱ्याच्या खात्यावर पडतो. आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा.

प्रश्न: सागवानी डेक असलेली बोट कशी? पत्नीला फार आवडली.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: एप्रिलच्या दुपारी दोन वाजता दोघांनी अनवाणी त्यावर उभं राहा. तरीही आवडली तर फळ्या स्क्रूने बसवल्या आहेत की चिकटवल्या आहेत ते बघा. स्क्रूच्या असतील तर शेकडो भोकं थेट बाल्सापर्यंत गेलेली असतात. फळीची जाडी ६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर सोडून द्या.

प्रश्न: परदेशातून आलेली, इथेच विकायला असलेली ३८ फुटी बोट बघतो आहोत. कागद आणि उपकरणांत काय तपासावं?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: आधी सीमाशुल्क भरल्याचं मूळ बिल ऑफ एंट्री. त्याची झेरॉक्स चालणार नाही. मग बिल ऑफ सेल आणि जुन्या देशाच्या नोंदणीतून नाव कमी केल्याचं प्रमाणपत्र. युरोपीय बोटीच्या पाठीवर उजवीकडे, पाण्याच्या वर, १४ अक्षर-अंकांचा हल क्रमांक कोरलेला असतो. शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. तो कागदांशी एकेक अक्षराने जुळवा. खूप जण हे करत नाहीत आणि २०११ ची म्हणून २००८ ची घेतात.

व्हीएचएफ रेडिओ आणि एआयएस (बोटीची ओळख आणि जागा कळवणारं यंत्र) यांत जुन्या मालकाचा एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख क्रमांक असतो. भारताचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात. परवाना घेऊन नवा क्रमांक भरून घ्या. संकटात उपग्रहामार्फत इशारा देणाऱ्या ईपर्बमध्येही जुन्या देशाचा संकेत असतो. बटण दाबलंत तर चौकशी भलत्याच देशात सुरू होईल. तो नव्याने कोड करून बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात नोंदवावा लागतो. ड्रॉवरमध्ये थुराया किंवा इरिडियमचा उपग्रह फोन सापडला तर 'फुकट मिळाला' म्हणून खुश होऊ नका: दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणंच बेकायदा आहे. सौद्यातून लेखी वगळा. मदतीसाठी व्हीएचएफ चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन आकडे चार्टटेबलवर चिकटवा.

वीज युरोपीय बोटीची आपल्यासारखीच, २३० व्होल्टची. अमेरिकन असेल तर ११० व्होल्ट, म्हणजे चार्जर बदला. गॅसचं निराळंच त्रांगडं असतं. तिकडची निळी सिलिंडरं इथे भरून मिळत नाहीत. आपलं ५ किलोचं सिलिंडर कप्प्यात उभं मावतं का ते मोजा, रेग्युलेटर आणि नळी नवी घ्या. कप्प्याच्या तळाचं भोक थेट बाहेर समुद्रात उघडलं पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो बिल्जमध्ये (बोटीच्या बुडातल्या पोकळीत) उतरून बसतो आणि पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. अनेक बोटींवर हे भोक जुन्या मालकाने वास येतो म्हणून बुजवलेलं असतं. बादलीभर पाणी ओतून बघा, कुठून बाहेर पडतं ते.